जुनी चिप टाकू नका, डिस्क पुसू नका: सन वर्कस्टेशनच्या एनव्हीरॅमविषयी

सन कंपनीचं जुनं वर्कस्टेशन, म्हणजे स्पार्कस्टेशन, सुरू केलं की ‘टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट’ असं पुन्हा पुन्हा येतं, मग हार्ड डिस्क गेली का? या चिपा दुरुस्त करणाऱ्या आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. संपलेली असते ती मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम चिपच्या (वीज बंद असतानाही मशीनची माहिती आणि घड्याळ सांभाळणारी चिप) पोटातली लिथियम बॅटरी.

स्पार्कस्टेशन १, १+, २, आयपीसी आणि आयपीएक्समध्ये २४ पिनांची एम४८टी०२ असते; ५, १० आणि २० मध्ये २८ पिनांची एम४८टी०८. बॅटरी आणि घड्याळाचा क्रिस्टल दोन्ही चिपेवरच्या जाड प्लास्टिकच्या टोपीत कायमचे बंद केलेले असतात. आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं, म्हणजे १९९०च्या दशकातल्या मशीनमधली मूळ बॅटरी आज मेलेलीच समजा. ती गेली की घड्याळ जातं, कुठून बूट व्हायचं हे जातं आणि मशीनची ओळखही जाते: ईथरनेट पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक) आणि होस्ट आयडी (सॉफ्टवेअरला मशीन ओळखता यावं म्हणून असलेला आकडा). पत्त्याच्या जागी नुसते एफएफ दिसतात आणि मशीन डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं.

खात्री घरीच करता येते. सनच्या कीबोर्डवरची स्टॉप आणि ए ही बटणं एकदम दाबा. नुसतं ‘>’ चिन्ह आलं तर एन टाइप करून एंटर मारा, ओके प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची जागा) येईल. तिथे ‘बूट डिस्क’ द्या; स्पार्कस्टेशन १ च्या जुन्या रॉमला ही आज्ञा कळेलच असं नाही. मशीन उठलं तर डिस्क शाबूत आहे. पडदा काळाच राहिला तर आधी कीबोर्डची वायर बघा. कीबोर्ड सापडला नाही की ही मशीन सगळं सीरियल पोर्ट ए वर पाठवतात, ९६०० बॉड वेगाने.

आता कळकळीची विनंती. डिस्क गेली असं समजून लोक ती फॉरमॅट करतात, किंवा चिप उपटून कचऱ्यात टाकतात आणि नवी मागवतात. मूळ ओळख शोधायच्या जागा नेमक्या याच असतात! अनेक चिपांवर पिवळं बारकोडचं लेबल असतं आणि त्यावर ईथरनेट पत्त्याचे शेवटचे काही अंक बहुधा सापडतात. डिस्कवरच्या /var/adm/messages या फाइलमध्ये पूर्वीच्या बूटची नोंद असते, तिच्यात अख्खा पत्ता मिळतो. होस्ट आयडी लायसन्स फाइलमध्ये मिळू शकतो, आणि जुनं कॅड सॉफ्टवेअर त्याच आकड्याला बांधलेलं असतं. तो आकडा हरवला तर सॉफ्टवेअर डिस्कवर असूनही उघडत नाही. या खुणा पुसून आलेल्या मशीनवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तरी मूळ आकडा मिळेलच याची हमी देता येत नाही.

म्हणून चिपेला हात लावण्याआधी ओके प्रॉम्प्टवर ‘बॅनर’ टाइप करा आणि पडद्याचा फोटो काढा. बॅटरीत थोडा जीव असेल तर पत्ता अजून दिसेल. लेबलाचाही जवळून फोटो घ्या.

नेटवरून उचललेला सी०:एफएफ:ईई वाला नमुना पत्ता भरला तरी मशीन चालतं. पण तशीच दोन मशीन एका स्विचवर आली की स्विचला कोणत्या पोर्टवर डेटाची पॅकेट द्यायची ते कळत नाही आणि दोन्हींचं कनेक्शन तुटत राहतं. शिवाय पत्ता ओके प्रॉम्प्टवरच्या एमकेपी आज्ञेने हाताने भरताना सगळे आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) लागतात, दुसरा बाइट मॉडेलप्रमाणे बदलतो (आयपीएक्सला ५७, स्पार्कस्टेशन २ ला ५५), आणि सोळावा बाइट आधीच्या पंधरांचा एक्सॉर (बिट-बिट जुळवून काढलेला पडताळणीचा आकडा) असावा लागतो. एक बाइट चुकला की ‘आयडीप्रॉम कंटेंट्स आर इनव्हॅलिड’, म्हणजे ओळखीची माहिती अवैध, असा संदेश येतो.

आम्ही शक्यतो मूळ चिपच दुरुस्त करतो: टोपी एका टोकाला घासायची, मेलेली बॅटरी तोडायची आणि सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलचा होल्डर जोडायचा. पुढच्या वेळी सेल तुम्ही स्वतः बदलाल. नवी चिप घेण्यापेक्षा हे किचकट वाटतं, पण ‘नवी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या चिपा पुष्कळदा जुन्या बोर्डवरून काढून घासूनपुसून विकलेल्या असतात आणि त्यांची बॅटरीही तितकीच म्हातारी. घासण्याचं काम घरी करणार असाल तर बाजू आधी नक्की करा. दुसऱ्या टोकाला क्रिस्टलच्या तारा असतात. त्या तुटल्या की घड्याळ कायमचं थांबतं.

दुरुस्तीनंतर ‘वॉच-क्लॉक’ देऊन सेकंद पुढे सरकतात का ते आम्ही बघतो. मग मशीन काही दिवस प्लग काढून ठेवतो आणि पत्ता टिकला का ते पुन्हा तपासतो. ‘एका चिपेला आठवडा कशाला?’ याचं उत्तर हे आहे. वीज चालू असताना मेलेल्या बॅटरीची चिपही आकडे धरून ठेवते, त्यामुळे त्याच दिवशी केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

चिप काढताना प्लग काढा, हात चॅसीच्या धातूला लावा, आणि चपटा स्क्रूड्रायव्हर चिप आणि सॉकेट यांच्या मधे घालून दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडं थोडं उचला. सॉकेटच्या खाली घातला तर बोर्डवरचे ट्रॅक कापले जातात, आणि ते काम चिपेपेक्षा महाग पडतं. पहिल्या पिनेची खाच कुठल्या बाजूला होती याचा फोटो ठेवा. नुसती चिप पाठवणार असाल तर पिना काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचा, लेबल तसंच राहू द्या, आणि सोबत मॉडेलचं नाव व बॅनरचा फोटो पाठवा. पत्ता भरून, तपासून, बसवली की चालेल अशी चिप परत येईल.