जिग, दोरा आणि ओट्याचा ग्रॅनाइट

घरच्या शेडमध्ये सायकलची फ्रेम जोडायला घेणारा माणूस बहुधा आधी जिग बनवत बसतो. पाइप हव्या त्या कोनात धरून ठेवणारा सांगाडा म्हणजे जिग. ही कल्पना मूळची बंदुकांच्या कारखान्यातली. एका बंदुकीचा सुटा भाग दुसरीला बिनघोर बसावा, म्हणून अमेरिकेतल्या शस्त्रशाळांत भोक पाडायलाही जिग असे. तिथून ही पद्धत शिलाई मशीनकडे गेली. 1878 मध्ये हार्टफर्डच्या वीड शिलाई मशीन कंपनीने अल्बर्ट पोप या सायकल-व्यावसायिकासाठी ‘कोलंबिया’ सायकली करायला घेतल्या आणि जिग सायकलच्या धंद्यात आलं.

इंग्लंडातल्या छोट्या कारागिरांचं मात्र जिगवाचून फारसं अडत नसे. सांध्यावर ते लग वापरत, म्हणजे पाइप ज्यात घुसतात त्या पोलादी बाह्या. कोन लगच ठरवून देई. पाइप बसवायचा, आरपार बारीक भोक पाडून खिळा ठोकायचा आणि मग पितळ वितळवून सांधा भरायचा.

खरा घोळ इथेच होतो. पितळ 900 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि एका अंगाने जास्त तापलेला पाइप निवताना त्या अंगाला ओढ घेतो. जिगमध्ये सरळ दिसणारी फ्रेम पकडी सोडताच किंचित वाकडी होते, ती याच ओढीमुळे. म्हणून जुन्या वर्कशॉपात मान असे तो सरफेस प्लेटला, म्हणजे जिच्यावर फ्रेम ठेवून वाकडेपणा तपासता येतो अशा अगदी सपाट प्लेटला. इंग्लिश यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये सपाट पृष्ठभागांवर निबंध वाचला, त्यातली युक्ती तीन प्लेटांची. दोनच प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या जुळतात. तिन्ही एकमेकींशी जुळल्या तरच त्या सपाट.

लगची सद्दी संपवली माउंटन बाइकने. कॅलिफोर्नियात जो ब्रीझने 1977 मध्ये पहिली ‘ब्रीझर’ बनवली. अशा सायकलींच्या जाड पाइपांना आणि वेगळ्या कोनांना बाजारातले लग जुळेनात. लग गेले की पाइप धरणार कोण? तिथून पुढे हौशी माणसालाही जिगची गरज पडू लागली. कुणी लोखंडी अँगल जोडले, कुणी खाचांच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या.

माझं मत विचाराल तर पहिले पैसे जिगवर घालू नयेत. सरफेस प्लेटच्या जागी ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा सरळ पट्टी ठेवून पारखून घ्यावा, आणि एक दोरा. मागचं चाक ज्यात बसतं त्या फ्रेमच्या दोन खाचांपैकी एकीला दोरा बांधायचा, हेड पाइपला (हँडलखालच्या पुढच्या आखूड पाइपला) वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायचा आणि सीट पाइपपासूनचं (सीटखालच्या उभ्या पाइपपासूनचं) अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं. डावीकडे 32 आणि उजवीकडे 34 मिलिमीटर भरलं, तर मागचा त्रिकोण एका अंगाला गेलाय. हेड पाइपचा पीळ मात्र दोऱ्याला कळत नाही. त्यासाठी एक डोळा मिटून हेड पाइपची कड सीट पाइपच्या कडेशी जुळवून बघावी लागते.