‘नकाराधिकार’ आणि ‘नोटा’ : मतदाराच्या उद्वेगाची पार्श्वभूमी

निवडणूक जवळ आली की ‘सगळे सारखेच’ हे वाक्य आणि ‘नकाराधिकार’ हा शब्द एकदमच कानावर येऊ लागतात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत, सोसायट्यांच्या गटांवरील संदेशांत आणि महाविद्यालयांतील मतदार जागृतीच्या कार्यक्रमांतही मतदानयंत्रावरील शेवटच्या बटणाला सर्रास नकाराधिकार म्हटले जाते. कायद्याच्या भाषेत ते बटण नकाराचा अधिकार देत नाही. कोणताही उमेदवार पसंत नाही, एवढीच नोंद गुप्तपणे करण्याची सोय ते देते. अधिकार आणि नोंद यांतील हे अंतर गेल्या दीड-दोन दशकांत वारंवार पुसले गेले, आणि राजकारणाविषयीच्या नाराजीची चर्चा त्याच पुसट जागेवर अडकून पडली. (‘नन ऑफ द अबव्ह’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’, या बटणाच्या ‘नोटा’ या संक्षिप्त नावाने मराठीत आणखी एक घोळ घातला आहे. निवडणुकीच्या तोंडावर ‘नोटा’ म्हटल्यावर मतदाराच्या मनात आधी काय येत असेल, हे वेगळे सांगायला नको.)

नापसंती दाखवण्याची इच्छा मात्र या बटणाच्या कितीतरी आधीची आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. या पद्धतीत वैतागलेल्या मतदाराला एक अनौपचारिक वाट मोकळी होती. दोन चिन्हांवर शिक्के मारावेत, कोरीच पत्रिका पेटीत टाकावी किंवा तिच्यावर मनातले चार शब्द लिहावेत. असे मत मोजणीच्या टेबलावर ‘बाद’ ठरे, पण ते कोणाचे हे कोणालाच कळत नसे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदानयंत्रे आली आणि ही वाट बंद झाली, कारण यंत्रावर मत बाद करता येत नाही. नोटाच्या इतिहासात या तांत्रिक बदलाचा उल्लेख सहसा होत नाही. नकार नोंदवण्याच्या मागणीला धार चढली ती मतदार अचानक जागरूक झाल्यामुळे, असे मानण्याची प्रथा आहे. हातातली जुनी सोय गेली, हे कारण माझ्या मते त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

यंत्राच्या काळात उरला तो १९६१ च्या निवडणूक नियमांतील ‘४९-ओ’ हा नियम. नोंदवहीत सही किंवा अंगठा झाल्यावर एखाद्याने मत न देण्याचे ठरवले, तर मतदान केंद्राध्यक्षाने त्याच्या नावापुढे तसा शेरा लिहावा आणि त्या शेऱ्यावर मतदाराची पुन्हा सही घ्यावी, अशी ती तरतूद होती. प्रत्यक्षात काय घडत असे, याची कल्पना करून पाहावी. एका वर्गखोलीत बाकांवर सर्व उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले आहेत, बाहेर रांग खोळंबली आहे, आणि एक माणूस टेबलापाशी उभा राहून ‘मला कोणालाच मत द्यायचे नाही’ असे सांगतो आहे. केंद्राध्यक्ष नियमपुस्तिका चाळतात, शेरा लिहिला जातो, सही होते. यंत्राचा ‘बीप’ वाजत नाही, आणि तो वाजला नाही हे खोलीतल्या सर्वांना ऐकू येते. शहरात हे धाडस खपून जाईल. ज्या गावात तेच प्रतिनिधी उद्या चावडीवर भेटणार आहेत, तिथे ते किती जणांना परवडले असते?

नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर हा अडगळीतला नियम एकाएकी प्रसिद्धीस आला. मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलेल्या नागरिकांचा रोष कोणा एका पक्षापुरता नव्हता, एकूण राजकारणी वर्गावरच होता. त्याच सुमारास ईमेलमधून एक मजकूर फिरू लागला. एखादा उमेदवार जेवढ्या मताधिक्याने निवडून आला, त्याहून अधिक लोकांनी ४९-ओ वापरला असेल तर निवडणूक रद्द होते आणि त्या उमेदवारांना पुन्हा उभे राहता येत नाही, असे त्यात ठामपणे सांगितलेले होते. नियमात यातला एक शब्दही नव्हता. तरीही ‘नकाराधिकार’ या शब्दाला आज चिकटलेला अर्थ बऱ्याच अंशी त्या मजकुरातून आलेला आहे. एवढ्या क्षोभानंतर काही महिन्यांनी, २००९ मध्ये, लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा मुंबईतील मतदान जेमतेम ४१ टक्क्यांच्या आसपास राहिले.

नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेचा निकाल २७ सप्टेंबर २०१३ रोजी लागला. न्यायालयापुढे प्रश्न होता तो गुप्ततेचा. मत देणाऱ्याचे मत गुप्त राहते, मग न देणाऱ्याचा निर्णय उघड का व्हावा? या मुद्द्यावर संबंधित नियम घटनाबाह्य ठरले आणि यंत्रावर स्वतंत्र बटण देण्याचा आदेश झाला. नापसंतीचे आकडे दिसू लागले की पक्षांना हळूहळू स्वच्छ चारित्र्याचे उमेदवार द्यावे लागतील, अशी अपेक्षाही निकालात व्यक्त झाली. सार्वजनिक चर्चेत पहिला मुद्दा विसरला गेला आणि ही अपेक्षाच निकाल म्हणून लक्षात राहिली. त्याच वर्षअखेरीस छत्तीसगड, मध्य प्रदेश, राजस्थान, मिझोराम आणि दिल्लीच्या विधानसभा निवडणुकांत बटण प्रथम वापरले गेले. मतपत्रिकेवर काळी फुली असलेले चिन्ह २०१५ मध्ये आले.

दरम्यान निवडणूक आयोगाने स्पष्ट केले होते की नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते तोच विजयी. अनामत रक्कम वाचवण्यासाठी वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा लागतो, त्या हिशेबातही ही मते धरली जात नाहीत. म्हणजे ज्या बाद मतांची जागा नोटाने घेतली, त्यांच्याच पंक्तीला ते बसले. विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात विजयासाठी निम्म्याहून अधिक मतांची अट घालून नकारात्मक मताचा विचार मांडला होता; २०१५ च्या अहवालात मात्र नोटाला खऱ्या नकाराधिकाराचे रूप देण्यास नकार दिला.

आकड्यांकडे पाहिले तर नोटा वाढत चालले आहे, हा समज टिकत नाही. २०१४ आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकांत त्याचा वाटा एक टक्क्याच्या किंचित वर होता, २०२४ मध्ये तो किंचित खाली आला. अपवादाच्या जागा मात्र लक्षवेधी आहेत. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये सुमारे साडेसत्तावीस हजार मते घेऊन आणि पलूस-कडेगावमध्ये वीस हजारांवर मते घेऊन नोटा दुसऱ्या क्रमांकावर होते. नोव्हेंबर २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत जेमतेम ३२ टक्के मतदान झाले आणि त्यातली १२ हजारांहून अधिक मते नोटाला गेली. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात हा आकडा २ लाख १८ हजारांवर पोहोचला.

या चारही ठिकाणी काय झाले होते? महाराष्ट्रातील दोन विधानसभा जागांवर युतीत जागा मित्रपक्षाला सुटली होती आणि स्थानिक कार्यकर्ते नाराज असल्याची उघड चर्चा होती. अंधेरीत प्रमुख प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली होती आणि नोटासाठी पद्धतशीर प्रचार झाल्याचा आरोप झाला. इंदुरात उमेदवाराने ऐन वेळी माघार घेतल्यावर त्याच्याच पक्षाने नोटाचे बटण दाबण्याचे आवाहन केले. पक्षांना विटलेल्या नागरिकासाठी केलेली सोय मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, ती पक्षांच्या आपसांतील हिशेबासाठी. गडचिरोली-चिमूरसारख्या राखीव मतदारसंघांतील नोटाच्या मोठ्या आकड्यांविषयी तर अभ्यासकांत अजून एकमत नाही. त्यात रोष किती, राखीव जागेविषयीची अढी किती आणि यंत्राची अपुरी ओळख किती, हे बटणाच्या आकड्यावरून कळण्याची सोय नाही.

खरा पेच उभा राहिला तो ग्रामपंचायतींत. रत्नागिरी जिल्ह्याच्या लांजा तालुक्यातील एका गावात सरपंचपदासाठी नोटाला २१० मते पडली आणि १३० मते मिळालेला उमेदवार सरपंच झाला. पुणे जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत तर ८५ टक्क्यांहून अधिक मते नोटाला गेली होती. अशा घटनांनंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांपुरता वेगळा आदेश काढला. नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, आणि तिच्यातही तसेच घडले तर मात्र उमेदवारांपैकी पहिल्याला विजयी करायचे. हरियाणातील आयोगाने त्याच महिन्यात याहून पुढे जाऊन, नोटापेक्षा कमी मते मिळालेल्यांना फेरनिवडणुकीत उभे राहण्यास मनाई केली. महाराष्ट्राचा आदेश धाडसी म्हणून गाजला. एक आयोग विधिमंडळाच्या कायद्याशिवाय एवढा मोठा बदल करू शकतो का, हा आक्षेपही तेव्हा घेतला गेला, आणि तो क्षुल्लक नव्हता. परंतु आदेशाची खरी मर्यादा वेगळीच होती. तो लागू होण्यासाठी आधी मतदान व्हावे लागते.

आणि मतदान टाळण्याची परंपरा आपल्याकडे सन्मानाची मानली जाते. ‘गाव बिनविरोध’ म्हटले की एकोप्याचे चित्र उभे राहते. अशा गावांना वाढीव निधीची आश्वासनेही दिली जातात. पुष्कळ ठिकाणी हा एकोपा खरा असतो. पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाला रद्द करावी लागली, कारण तिथे सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला होता आणि उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली होती. जागेइतकेच उमेदवार उरले की मतदान न घेता त्यांना निवडून आल्याचे जाहीर करावे, असे निवडणूक कायदा सांगतो. त्यामुळे २०२४ मध्ये इंदुरात सव्वादोन लाखांच्या आसपास मतदारांना निदान नापसंती नोंदवता आली, तर सुरतमध्ये एकच उमेदवार उरल्याने मतदारांना केंद्रावर जाण्याचीही गरज पडली नाही. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

मतदानाच्या दिवसापलीकडील सहभागाकडे या सगळ्या गदारोळात फारसे कोणी पाहिले नाही. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिली सभा तहकूब करण्यासाठीच बोलवायची, असा शिरस्ता कित्येक गावांना अंगवळणी पडला आहे. हजेरीची वही सभेनंतर घरोघर फिरते, ही तक्रारही जुनीच आहे. शहरांसाठी २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली; आपल्या प्रभागात अशी सभा भरलेली पाहिली आहे, असे सांगणारा शहरी मतदार विरळा.

मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षे, कारभार प्रशासकाकडे राहिला. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत राज्यातील इतर महानगरपालिकांचीही थोड्याफार फरकाने हीच गत झाली. एवढ्या प्रतीक्षेनंतर झालेल्या त्या निवडणुकीत कल्याण-डोंबिवलीसह काही शहरांत अनेक उमेदवार बिनविरोध निवडून आले आणि बिनविरोध जागांवरही नोटाचा पर्याय हवा, ही मागणी नव्याने पुढे आली. बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेसाठी नोटाचे वेगळे बटण असते. चारपैकी एक जागा बिनविरोध झालेल्या प्रभागातील मतदाराला तिन्ही जागांवर नापसंती नोंदवता येत होती. चौथ्या जागेचे ना उमेदवार यंत्रावर होते, ना नोटा.