वर्तमानपत्राचा कागद आणि झेरॉक्सचा कागद: झाडांचा हिशेब एक नव्हे

‘एक टन कागद म्हणजे 17 झाडं’ हे वाक्य पुन्हा पुन्हा समोर येतं आणि दर वेळी मला विचारावंसं वाटतं: कुठला कागद? वर्तमानपत्राचा की झेरॉक्सचा? दोघांना एकाच तागडीत घातलं की हिशेब चुकतो. तोही थोडाथोडका नाही, जवळपास दुपटीने.

वर्तमानपत्राचा कागद सगळ्यांच्या रोजच्या हाताळणीतला, त्याचं वेगळं वर्णन नको. झेरॉक्सचा त्याहून जाड, पांढराशुभ्र आणि महाग. हे फरक डोळ्यांना दिसतातच.

न दिसणारा फरक लगद्यात आहे. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि विटांमधल्या चुन्यासारखं त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. कोरड्या लाकडाच्या वजनात ते पाव ते एक तृतीयांश भरतं. वर्तमानपत्रासाठी लाकूड यंत्रात सरळ भरडतात. लिग्निन काढत नाहीत, ते कागदातच राहतं. म्हणून 100 किलो कोरड्या लाकडातून 90 किलोहून जास्त लगदा मिळतो.

झेरॉक्सच्या कागदासाठी मात्र लाकडाच्या चिपा रसायनांत, दाबाखाली शिजवतात. लिग्निन विरघळतं, आणि त्याच्याबरोबर इतरही बरंच काही निघून जातं. 100 किलोतून हाती येतात 45 ते 50 किलो. उरलेलं काळं द्रावण कारखान्यातच जाळून वाफ आणि वीज तयार करतात, त्यामुळे ते वाया जात नाही. पण त्याचा कागद होत नाही, आणि झाडांचा हिशेब नेमका इथे फिरतो.

खात्री करायची असेल तर दोन्ही कागद खिडकीत उन्हाला ठेवा. काही दिवसांत वर्तमानपत्र पिवळं पडेल, झेरॉक्सचा कागद पांढरा राहील. तो पिवळेपणा आत राहिलेल्या लिग्निनचा.

आता आकडे. सुमारे 40 फूट उंच आणि 6 ते 8 इंच जाडीच्या खोडाचं झाड धरलं, तर प्रचलित अंदाजानुसार एक टन वर्तमानपत्री कागदाला 12 झाडं लागतात आणि एक टन छपाईच्या पांढऱ्या कागदाला 24. ए4 आकाराचा 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) एक कागद 5 ग्रॅमचा, म्हणजे टनात 2 लाख कागद. त्याला 24 ने भागा: एका झाडातून सुमारे 8,300 कागद, म्हणजे 500 कागदांची एक अशी साडेसोळा रिमं. 17 हा आकडा या दोहोंच्या मधला, म्हणून दोन्हीकडे चुकीचा.

खरं तर झाडं मोजणंच मला पटत नाही. झाड केवढं, ते कोणी सांगत नाही. शिवाय पुष्कळ लगदा सॉ मिलमधल्या उरल्यासुरल्या चिपांचा असतो, त्यासाठी वेगळं झाड पाडलेलं नसतं. किलोत लाकूड सांगा, म्हणजे वाद मिटतो.

आणि वर्तमानपत्राला लाकूड कमी लागतं म्हणून तो कागद निर्दोष, असंही लगेच ठरवू नका. भरडायला वीज प्रचंड लागते, आणि त्या यंत्रांना जाळायला काळं द्रावण नसतं.

रद्दीपासून केलेल्या कागदाला तर 12 आणि 24 यांपैकी कुठलाच आकडा लागू नाही. मात्र शाई काढताना काही तंतू जातातच, आणि उरलेले दर फेरीला आखूड होत जातात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागद धरण्याजोगे राहत नाहीत, आणि ती तूट ताज्या लाकडाच्या लगद्यानेच भरावी लागते.