शिक्षेचा सौदा सरकारी बाजूने मोडला तर अपील होतं का? थोडी पार्श्वभूमी

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर चहा पीत उभं राहिलं की "मिटवून टाकलं" हे एकच वाक्य तीन वेगळ्या गोष्टींसाठी ऐकू येतं, आणि सगळा घोळ तिथूनच होतो. फिर्यादीशी समझोता झाला तर ती तडजोड, त्यात आरोपी निर्दोष सुटतो. तारखांना कंटाळून "गुन्हा कबूल" म्हटलं तर ती नुसती कबुली, शिक्षा जजच्या हातात, आणि अपील झालंच तर फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावर. प्ली बार्गेनिंग, म्हणजेच शिक्षेचा सौदा, तिसरंच, आधी बोलणी, मग कोर्टासमोर लेखी ठरतं आणि त्यावर शिक्षा. लोक तिन्ही एकाच पिशवीत घालतात, वकीलसुद्धा कधीकधी.

अमेरिकेत १९७१ ला एक केस गाजली. शिक्षेबद्दल काही बोलणार नाही असा शब्द सरकारी वकिलाने दिलेला, पण शिक्षेच्या दिवशी दुसराच सरकारी वकील उभा राहिला आणि त्याने जास्तीत जास्त शिक्षा मागितली. जज म्हणाले, त्यांच्या बोलण्याचा माझ्यावर काही परिणाम नाही. तरी वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, कारण शब्द दिला तो सरकारने, कुठल्या एका वकिलाने नाही. २००९ ला मात्र तिथेच ठरलं की तेव्हाच्या तेव्हा हरकत घेतली नाही तर अपीलात फार कठीण जातं.

आपल्याकडे १९७६ च्या खुरासणीच्या तेलातल्या भेसळीच्या केसपासून सुप्रीम कोर्ट असल्या सौद्यांवर नाराजच होतं. माझ्या मते खरी केस १९८३ ची. कमी शिक्षेच्या भरवशावर आरोपीने कबुली दिली, दंडावर सुटला आणि मग हायकोर्टाने शिक्षा वाढवली! सुप्रीम कोर्ट म्हणालं हे घटनेच्या कलम २१ च्या, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या, विरुद्ध आहे, शिक्षा वाढवायचीच तर कबुली बाजूला ठेवून खटला नव्याने चालवा. म्हणजे प्ली बार्गेनिंगचा कायदा यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे याचं उत्तर होतं, पण त्याचं नाव फार कोणी काढत नाही.

कायदा आला ५ जुलै २००६ ला, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी, बायका आणि लहान मुलांवरचे गुन्हे वगळून. त्यात निकाल "अंतिम" असं लिहिलंय, म्हणजे साधं अपील नाहीच, फक्त हायकोर्टात रिट, म्हणजे घटनेखालचा थेट अर्ज, नाहीतर सुप्रीम कोर्टात अपीलासाठी विशेष परवानगी मागायची. १ जुलै २०२४ पासूनच्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतही तेच, वर अर्जाला आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांची मुदत. त्यामुळे शब्द फिरला तर नाशिकच्या माणसाला रिटसाठी मुंबई गाठावी लागते, आणि तिथे उपयोगी पडतो तो कोर्टासमोर सह्या झालेला कागद, टपरीवरचं बोलणं नाही.