मोठे टायर बसवलेत, आता हवा किती भरायची?

गाडी रॅम्पवरून उतरली की पहिला प्रश्न हाच येतो. एका आकड्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद. गाडीतच ठेवा.

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा आकडा कंपनीच्या मूळ टायरसाठी आहे. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा. रोज तेवढी हवा भरायची नसते. पण हवा भरणारा मुलगा वाकून नेमका तोच वाचतो. मागे एक थार आली, चारही टायरांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. मधली नक्षी घासून सपाट, कडेचे गट्टू नवेकोरे. मालकाची तक्रार मात्र सस्पेन्शन कडक झाल्याची!

टायरच्या मापाआधी 'एलटी' (लाइट ट्रक) लिहिलंय का बघा. नसेल, तर टायर मूळ जातीचाच, फक्त थोराड. स्टिकरच्याच आकड्यापासून सुरुवात करा. एलटी असेल तर हिशोब बदलतो. हे टायर मालवाहू वळणाचे, साइडवॉल जाड. लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याचा टायरवरचा आकडा, १२१ असेल तर एका टायरवर १४५० किलो खरे, पण 'ई' लोड रेंजच्या (मजबुतीच्या वर्गाच्या) टायरला ती ताकद ८० पीएसआयला येते. हवा कमी, तसं पेलायचं वजनही कमी. म्हणून एलटीला आम्ही स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरून देतो. कॅरियर, जास्तीची स्टेपनी, सामान असेल तर मागे आणखी दोन-तीन.

पुढचं काम खडूचं. नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड रेघ ओढा आणि सपाट डांबरावर शंभरेक मीटर सरळ चालवा. रेघ फक्त मधून पुसली तर हवा जास्त. कडांना पुसली तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदलत जा, पण वजनासाठी लागते त्याखाली खडूच्या नादाने उतरू नका.

मग हायवेवर अर्धा-पाऊण तास चालवून गरम टायर मोजा. सकाळी थंड टायरच्या आकड्यापेक्षा चारेक पीएसआय वाढली तर ठीक. सहा-सात वाढली म्हणजे टायर जास्त दबून तापतोय, थंड असताना हवा वाढवा. गरम टायरमधून हवा सोडू नका. ही चूक सगळेच करतात.

घाटातल्या दगडी वाटेला २४-२६, लाल चिखलाला १८-२० इतकी उतरवली तर पकड वाढते. १५च्या खाली मात्र नाही, साध्या रिमवरून टायर निसटतो. उतरवलेल्या हवेवर वेग बैलगाडीपेक्षा थोडाच जास्त ठेवा आणि डांबराला लागण्याआधी परत भरा. कंप्रेसर थेट बॅटरीला जोडा, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो. पुळणीवरचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि कोकणात भरतीच्या वेळी रुतलेल्या गाड्या काढायला आम्ही येत नाही.

आणखी एक: २५५/६५ आर १८ काढून २८५/७० आर १७ बसवलेत तर टायर सुमारे ५ टक्के मोठा होतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ला असते.

नायट्रोजन हवाच का, असं विचारतात. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पैसे हवा मोजायच्या चांगल्या गेजवर घाला.

बसवल्यावर पहिल्या महिन्यात एकदा दाखवून जा, मोजायचे पैसे नाहीत. लांबून येत असाल तर गाडी सकाळी लावून जा. टायर निवले की दुपारी मोजून ठेवू.