धबधब्यापर्यंत ट्राम: बाड शांडाऊची पार्श्वभूमी

मुंबईत विजेची ट्राम आली ती १९०७ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी, २८ मे १८९८ रोजी, जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या शांडाऊ या एवढ्याशा गावात ती धावू लागली होती. ना गिरण्या, ना चाकरमान्यांची गर्दी. मग ट्राम कशासाठी? पाहुण्यांसाठी.

एल्ब नदीकाठच्या या गावात अठराव्या शतकात लोहयुक्त पाण्याचा झरा सापडला आणि हवापालटासाठी, औषधी स्नानासाठी लोक येऊ लागले. गावाच्या नावामागे ‘बाड’, म्हणजे स्नानाचं ठिकाण, हे अधिकृतपणे लागलं मात्र १९२० साली. आलेला पाहुणा दिवसभर पाण्यात थोडाच बसणार? त्याला किर्निच नदीच्या अरुंद खोऱ्यातले वालुकाश्माचे कडे पाहायचे असत, लिश्टेनहाइनचा धबधबा पाहायचा असे. तो ओहोळ मुळात अगदी बारीक. १८३० साली त्यावर बांध घालून पाणी अडवलं गेलं. प्रवासी जमले, पैसे हातावर पडले, की फळी उघडायची आणि पाणी धो धो कोसळायचं!

या धबधब्यापर्यंत ट्राम नेण्याचा ध्यास घेतला रुडोल्फ सेंडिग या हॉटेलमालकाने. १८९३ साली त्याने परवानगीसाठी अर्ज केला. खोऱ्यात जागा इतकी कमी, की रस्त्याच्याच कडेने मीटर गेजचा एकेरी रूळ टाकावा लागला. समोरासमोरच्या गाड्या ठरावीक ठिकाणीच एकमेकींना वाट देतात. लांबी जेमतेम आठ किलोमीटर. विजेसाठी आगारालगत स्वतःचं वीजघर बांधलं होतं. याच सेंडिगने १९०४ साली गावातल्या कड्याला लागून सुमारे पन्नास मीटर उंचीची विजेची लिफ्टही उभी केली. पाहुण्याचे पाय थकू नयेत याचा इतका विचार करणारा माणूस मला मोठा वाटतो.

१९२७च्या जुलैमध्ये आगाराला आग लागली आणि सगळ्या गाड्या जळाल्या. तरीही मार्ग बंद झाला नाही. नव्या गाड्या आल्या. १९६९ साली मार्गाचा गावातला थोडा भाग तोडून सुरुवातीचा थांबा उद्यानापाशी आणला गेला. १९९४ पासून आगाराच्या छपरावरचं सौरऊर्जा संयंत्र काही वीज पुरवतं.

धबधब्याचा बांध २०२१ साली कोसळला. शेवटच्या थांब्याचं नाव आजही ‘लिश्टेनहाइन धबधबा’ असंच आहे.