पार्श्वभूमी: खानापूरचा काजू आणि थंडीतली फवारणी

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत दिवाळी उरकली की काजूच्या फवारणीसाठी पाठीवरचे पंप धुऊन बाहेर निघतात. तिला थंडीतली फवारणी म्हणतात खरं, पण युरोपातल्या हिवाळी फवारणीशी तिचं नातं नावापुरतंच. तिकडे पानं गळून झोपी गेलेल्या झाडावर औषध मारतात. आपला काजू नेमका थंडीतच फुटतो. आधी पालवी, मग डिसेंबर-जानेवारीत मोहोर, मग बी. फवारण्याही त्याच हिशेबाने तीन.

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेलं हे झाड घाट चढून वर आलं, आणि पुढची कित्येक शतकं त्याला कुणी औषध मारल्याचं ऐकिवात नाही. बांधावरची बियांपासून वाढलेली झाडं, प्रत्येकाची पालवी आपापल्या वेळेला. कलमं आली तेव्हा चित्र बदललं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जातींची सलग बाग एकदमच कोवळी होते, आणि कोवळ्या पालवीवर जगणाऱ्या किडीला जेवणाची पंगतच मांडून मिळते.

ही कीड म्हणजे ढेकण्या. कोवळा शेंडा, मोहोराचा दांडा, हिरवी बी, जे मऊ असेल त्यात सोंड खुपसून रस ओढतो. लाळेतल्या विषाने तिथे तपकिरी-काळा डाग पडतो आणि शेंडा वाळतो. दुखावलेल्या जागेतून मग बुरशीही शिरते. पहाटे आणि सांजेला त्याचा वावर जास्त. बाराच्या उन्हात बाग बघायला जाणाऱ्याला तो दिसत नाही, दिसतो तो काळा मोहोर. म्हणून कितीतरी वर्षं दोष धुक्याच्या माथी गेला. अजूनही ‘धुक्यानं मारलं’ असंच म्हणतात. धुकं अगदीच निर्दोष नाही, ओलाव्याने बुरशी वाढते, पण सुरुवात बहुतेक वेळा ढेकण्याची असते.

त्यावरचं हुकमी औषध होतं एंडोसल्फान. लिटरला दीड मिली, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला बावीस-तेवीस मिली. स्वस्त, आणि मधमाश्यांना त्यातल्या त्यात कमी त्रासाचं म्हणून मोहोरावरही चालवलं जाई. काजूची फळधारणा कीटकांवर अवलंबून, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती.

पण दक्षिणेला केरळातल्या कासारगोडमध्ये हेच औषध सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत सरकारी काजूमळ्यांवर हेलिकॉप्टरने फवारलं गेलं होतं. मळ्यांना लागून घरं, विहिरी, ओढे. जन्मजात व्यंगं, मज्जासंस्थेचे आजार यांच्या तक्रारी वाढत गेल्या. दक्षिण कन्नड जिल्ह्यातही तशी हवाई फवारणी झाली होती, त्यामुळे हा प्रश्न कर्नाटकाच्या अंगणातला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये राज्याने बंदी घातली. एप्रिलमध्ये टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवर बंदी आणणाऱ्या स्टॉकहोम या जागतिक करारात एंडोसल्फानचं नाव आलं. भारताने त्यात काही पिकांपुरती सवलत आणि मुदत मागून घेतली. आणि १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभर उत्पादन, विक्री, वापर थांबवला.

बंदीविरुद्धचा युक्तिवाद आजही ऐकू येतो: हेलिकॉप्टरचा गुन्हा, शिक्षा पाठीवरच्या पंपाला. यात तथ्य आहे. बांधावरच्या झाडाला नळीने औषध मारणं आणि वस्तीवर आकाशातून सोडणं एक नव्हे. पण पंपवाल्याच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं. काजूचं झाड डोक्यावर असतं, नोझल वर धरावं लागतं, आणि तुषार पुन्हा त्याच्याच तोंडावर येतात. तोंडाला टॉवेल, हातात मोजे नाहीत, ही आपल्याकडची रीत. शिवाय हे द्रव्य मातीत आणि चरबीत टिकून राहणारं. माझ्या मते बंदी योग्यच होती; घोळ झाला तो पुढे.

सरहद्दीवर त्या काही महिन्यांत आणखी एक गंमत होती. खानापुरात बंद झालेलं औषध पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात मात्र मे महिन्यापर्यंत बंद नव्हतं. किडीला सीमावाद ठाऊक नसतो.

एंडोसल्फानच्या जागी मुख्यतः लॅम्डा सायहॅलोथ्रिन आलं, पाच टक्क्यांचं, लिटरला ०.६ मिली. मात्रा कमी, असर झटपट. पण मधमाशीला ते जास्त घातक. त्यामुळे मोहोर पूर्ण उमलला असताना मारायचं की नाही, मारलंच तर माश्या परतल्यावर सांजेला मारायचं का, हा वाद बागेत तेव्हापासून आहे. सल्ल्याची भाषाही दुहेरी: इकडच्या कृषी खात्याचं पत्रक कन्नडमध्ये, आणि जिथली कलमं लावली त्या कोकणातलं वेळापत्रक मराठीत. आपल्याकडचा शेतकरी बहुधा दुसरंच वाचतो.

अलीकडे पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची चर्चा पुन्हा होते, कारण त्या ढेकण्याला झाडावर टिकू देत नाहीत. अडचण एवढीच, की बोंडं वेचायला आलेल्या बायकांनाही त्या टिकू देत नाहीत, आणि मार्चमध्ये ती घरटी काठीने पाडली जातात.